मीरानचं उत्तर

१

दर शनिवारी सकाळी सातच्या बसने डोंगरावर जायचं, हे त्या हिवाळ्यात सहा आठवडे आमचं ठरलेलं होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये अठरा किलो वजन. मी पाण्याच्या बाटल्या भरायचे, मीरान तांदळाच्या पिशव्या भरायची. "अडकलो तर भात करून खाऊ. तू तुझं पाणी पीत बस," म्हणायची.

एप्रिलमध्ये आमच्या डोंगर मंडळाची नेपाळची मोहीम होती. अकरा पुरुष आणि आम्ही दोघी. मी आमच्या जिंजू शहराच्या बाजारात कपडे दुरुस्त करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, जुन्या कोटाला नवं अस्तर घालणं. मीरान नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवते. म्हणजे शिकवायची. तलावाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या पोरांना दटावायची, आणि पोरं पाण्याखालीसुद्धा दचकायची, असा तिचा आवाज. आठ वर्षांच्या असल्यापासून आम्ही मैत्रिणी. तेव्हाही वर्गात बोलायची ती आणि उभी राहायचे मी, कारण तिचा आवाज माझ्या बाकावरून आल्यासारखा वाटायचा.

फोटो काढायचा नियम होंग सरांचा. ते मंडळाचे प्रमुख, शाळेत कवायतीचे मास्तर होते, आता निवृत्त. आदल्या वर्षी एक सभासद पायथ्याच्या खानावळीत खात बसला आणि संध्याकाळी 'शिखरावर जाऊन आलो' म्हणाला. तेव्हापासून सर म्हणायचे, "मला ऐकायला येत नाही, फक्त दिसतं. प्रत्येक खांबापाशी फोटो. खांबाचा आकडा दिसला पाहिजे आणि माणूसही."

जिरीसान डोंगराच्या वाटांवर दर अर्ध्या किलोमीटरला पिवळ्या पट्टीचे खांब आहेत, त्यांवर आकडे. कोणी पडलं, हरवलं, तर फोनवर तेवढा आकडा सांगायचा. आमच्या वाटेवर डोंगराच्या धारेपर्यंत बारा खांब. कॅमेरा मीरानचा, पण तिचे हात हलायचे, म्हणून फोटो मी काढायचे. माझं सगळं आयुष्य मापात गेलंय. खांबापासून मोजून सहा पावलं मागे जायचं, मीरानने खांबावर हात ठेवायचा, आणि बटण दाबायचं. दर शनिवारी बारा फोटो, सगळे एकसारखे.

सातव्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"सुनोक, उद्या राहू दे का गं? अंग नुसतं जड झालंय."

"जड झालंय म्हणूनच चल. नेपाळात काय याकच्या पाठीवर बसून फिरणार आहेस?"

"याकला तरी दया येईल."

"मला नाही येत. सात वाजता स्टँडवर."

ती हसली आणि 'बरं बाई' म्हणाली. 'राहू दे' म्हणाले असते तर, हा विचार मी आता करत नाही. म्हणजे करते, पण त्याचं काही होत नाही.

२

हवा लख्ख होती. आदल्या दिवशी बर्फ पडून गेला होता आणि आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं. गावाच्या वर बुटांना लोखंडी काटे बांधले आणि चढायला लागलो. मीरानने तिचं लाल जाकीट घातलं होतं, मी त्याची चेन दोनदा बदलून दिली होती. वाटेत दुसरं कोणी नव्हतं.

पहिला खांब. सहा पावलं, हात खांबावर, बटण. दुसरा. तिसरा. चौथ्या खांबापाशी आम्ही सॅक उतरवून दम खायला बसलो. मीरानने चॉकलेट काढलं, ते गारठून दगड झालं होतं. ती ते दाढेखाली फोडत असताना मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितले. आकडे नीट आलेत ना, एवढंच बघायचं होतं.

पहिला फोटो ठीक. दुसऱ्यात तिचा हात खांबाला टेकला नव्हता. बोटांच्या आणि खांबाच्या मध्ये वीतभर फट होती, आणि फटीतून बर्फ दिसत होता. तिसऱ्यात ती खांबापासून दोन पावलं मागे होती. चौथ्यात चार-पाच.

आता हा चौथा फोटो काढून पाच मिनिटंही झाली नव्हती. तिने हातमोज्याने खांबावरचा बर्फ झाडला होता, मगच हात ठेवला होता. झाडलेली जागा माझ्या डोळ्यांसमोर होती.

"काय गं, मधेच मागे सरकलीस का?"

"कुठे सरकले? बघू." तिने कॅमेरा घेतला, डोळे बारीक केले. "अगं, बारीक दिसतेय की मी! हाच फोटो गिल्होला दाखवते. म्हणतो, नेपाळचं विमान तिरकं होईल." गिल्हो म्हणजे तिचा नवरा.

"हात बघ. खांबाला लागलाय का?"

"लागलाय की."

मी परत बघितलं. लागला नव्हता. पण उन्हात बर्फावर त्या एवढ्याशा पडद्याकडे बघायचं म्हणजे डोळे तसेही दिपतात. मी मनाशी म्हटलं, शेवटच्या क्षणी हलली असेल. तिला कुठे कळतं आपण हललो ते.

३

पाचव्या खांबापाशी मी तिला म्हटलं, "आता खांबाला मिठी मार."

"मिठी? नवरा आहे मला घरी."

"मार मुकाट्याने."

तिने दोन्ही हातांनी खांब कवटाळला, गालही टेकवला, वर जीभ बाहेर काढून दाखवली. मी सहा पावलं मोजली. कॅमेऱ्याच्या पडद्यात न बघता नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत बटण दाबलं.

फोटोत खांब एकटा होता. मीरान त्याच्या मागे, झाडांच्या कडेला, वीसएक पावलांवर. हात गोल केलेले, गाल एका बाजूला झुकलेला. मिठी तशीच होती. मिठीत काही नव्हतं.

मी वर बघितलं तर ती खांबापाशी उभी राहून नाक पुसत होती.

माणूस अशा वेळी घाबरत नाही, निदान लगेच तरी नाही. मशीन बिघडलं तर मी आधी सुई बघते, मग दोरा, मग खालची बॉबिन. तसंच केलं. भिंग पुसलं. बॅटरी काढून काखेत गरम केली, परत घातली. नुसत्या खांबाचा फोटो काढला, खांब जिथे होता तिथेच आला. बर्फावर माझी सॅक ठेवून फोटो काढला, ठीक. हात लांब करून स्वतःचा काढला, लाल नाक आणि फुटलेले ओठ, सगळं जागच्या जागी. मग काही न सांगता मीरानचा काढला, चार पावलांवरून, ती बुटाचे काटे घट्ट करत होती तेव्हा.

त्या फोटोत ती वाटेवर नव्हतीच. झाडांच्या मागच्या उतारावर, वाकलेला एक लाल ठिपका.

"सुनोक," ती काटे बांधता बांधता म्हणाली, "मागे का राहतेस सारखी? ये ना लवकर."

मी तिच्यापासून चार पावलांवर होते.

"मी इथेच आहे," मी म्हटलं.

ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग मान वर करून म्हणाली, "हो, दिसतेस की. पण मागे नको राहूस."

४

सातव्या खांबाच्या वर एक लहानसा निवारा आहे, लाकडी बाकं आणि वाऱ्याला अडवणारी भिंत. तिथे पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मी सहाव्या आणि सातव्या खांबाचे फोटो काढले नव्हते. मीरानने विचारलं तेव्हा बॅटरी संपत आल्याचं सांगितलं. मी तिच्याशी खोटं फार थोड्या वेळा बोललेय.

गॅसची शेगडी पेटवली, राम्यनच्या शेवयांचं पातेलं ठेवलं, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा उघडला. नेहमीसारखं सगळं. वाफेचा वास आल्यावर मला जरा बरं वाटलं. निवाऱ्याचे रखवालदार, साठीच्या पुढचे, फावड्याने पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होते. ते थांबले आणि मीरानला म्हणाले, "ताई, किती वाजता निघालात खालून?"

मीरान त्यांच्याकडे बघत होती. बोलली नाही.

"कितीला निघालात म्हटलं?"

ती बघतच राहिली, ओठांवर तेच ओळखीचं हसू. रखवालदारांनी फावडं उचललं. "शहरातल्या बायकांना आता बोलायचंही जड झालं," असं पुटपुटत ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

"साडेआठला, काका!" मीरान बंद दाराला म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहो, साडेआठला!"

आवाज तिचाच होता, पण तलावावरचा नव्हता. कोणीतरी खालच्या वळणावरून हाक द्यावी तसा, कडा झिजलेला. आणि आम्ही एका बाकावर बसलो होतो, आमचे गुडघे एकमेकींना लागत होते.

माझा भाऊ ब्राझीलला असतो. पूर्वी त्याचा फोन आला की असंच व्हायचं. आपण बोलायचं, मग मध्ये पोकळी, मग त्याचं बोलणं. आई रडायची, म्हणायची, 'माझं पोर विचार करून बोलायला लागलंय माझ्याशी.' त्याला आम्ही हसायचो. लांबचा फोन आहे आई, आवाजाला यायला वेळ लागतो.

मी मीरानला विचारलं, "तुझ्या मुलीच्या परीक्षेचा निकाल कधी आहे?" आणि मनात मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

"वीस तारखेला," मीरान म्हणाली. "का गं?"

"काही नाही." एक. दोन. तीन. चार.

"काही नाही तर काय विचारतेस! आणि एवढं हळू का बोलतेस? घसा बसला की काय?"

मी हळू बोलत नव्हते.

राम्यन पातेल्यात फुगून गेलं. कॅमेरा माझ्या जाकिटाच्या खिशात होता आणि त्याचं वजन मला बरगड्यांवर जाणवत होतं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. मी फोटो काढतेय म्हणून ती लांब जातेय, की ती लांब जातेय आणि कॅमेऱ्याला ते आधी दिसतंय? पहिलं खरं असेल तर परत बटण दाबायचं नाही, म्हणजे झालं. पण मी दोन खांब फोटो काढले नव्हते, आणि त्याच दोन खांबांमध्ये तिचं उत्तर उशिरा यायला लागलं होतं.

"मीरान, आपण खाली जाऊया."

चार. पाच.

"आत्ता? अजून पाच खांब राहिलेत. होंग सर कच्चं खातील आपल्याला."

"मला बरं वाटत नाहीये."

पाच. सहा. तिचा चेहरा बदलला. तिने माझ्या कपाळाला हात लावला. तो हात खरा होता, मोजा काढल्यामुळे लालसर आणि ओलसर, किमचीचा वास येणारा.

"मग आधी नाही का सांगायचंस, वेडे," ती लांबून म्हणाली.

५

उतरताना मी पुढे राहिले, मग मागे, मग जिथे वाट रुंद होती तिथे शेजारी. बारा वाजून गेले होते. उन्हात बर्फ इतका चमकत होता की झाडांच्या सावल्या निळ्या दिसत होत्या. भीती वाटावी असं त्या जागेत काही नव्हतं.

पाचव्या खांबाच्या वर ओढ्याचं पाणी वाटेवर येऊन गोठतं. चढताना आम्ही त्याला वळसा घातला होता. मीरान पुढे होती आणि बोलण्याच्या नादात सरळ त्या काचेकडे निघाली.

"थांब! मीरान, बर्फ!"

ती थांबली नाही. माझा आवाज अजून तिच्यापर्यंत पोचायचा होता. दोन पावलं, तीन पावलं, मग तिचा पाय सुटला आणि ती खाली बसतच घसरायला लागली. पाठीवर अठरा किलो, समोर उतार. मी अंग झोकून दिलं आणि तिचं उजवं मनगट पकडलं. माझ्या बुटाचे काटे कुठेतरी रुतले. आम्ही दोघी पोटावर पडून राहिलो.

"काय म्हणालीस? थांबू?" मीरानने विचारलं.

त्यानंतर मी तिचा हात सोडला नाही. मोजे काढले, उघड्या हातात उघडा हात. दाबला की काही वेळाने तीही दाबायची. पाच मोजेपर्यंत, मग आठ मोजेपर्यंत. चौथ्या खांबापाशी ती हाका मारायला लागली.

"सुनोक! अगं सुनोक! कुठे राहिलीस?"

"इथे आहे! तुझा हात धरलाय, बघ!"

ती बघत नव्हती. झाडांकडे तोंड करून, मान उंच करून ती हाका मारत होती, आणि तिच्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं असं काहीतरी होतं. चाळीस वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "सुनोक, मस्करी पुरे आता! मला वाट दिसत नाहीये!"

मी तिला ओढत होते. ती येत होती, पावलं नीट टाकत होती, आणि हाका मारत होती. मीही ओरडत होते. दोन बायका हातात हात घालून चालताहेत आणि एकमेकींच्या नावाने बोंबलताहेत, असं कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. कोणी बघायला हवं होतं.

मग तिसऱ्या खांबाच्या जरा वर ती एकाएकी गप्प झाली. खांदे सैल पडले, मोठा श्वास सोडला.

"आलीस एकदाची," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावलीस गं."

मी रडायलाच लागले. "आले, आले. इथेच होते."

ती हसली. मला वाटलं, सरलं. खाली येतोय तसं जे काही होतं ते वरच राहिलं. पण वाटणं आणि असणं यांतला फरक माझ्यासारखीला मापाशिवाय कळत नाही. म्हणून मी कॅमेरा काढला. आपण जवळ येतोय की नाही, एवढंच मला बघायचं होतं. डाव्या हातात तिचा हात तसाच ठेवला, उजव्या हाताने कॅमेरा चेहऱ्याशी धरला आणि बटण दाबलं.

फोटोत माझा डावा हात होता, मुठीत काही नसलेला. त्याच्या पलीकडे झाडं, झाडांच्या पलीकडे दरी, आणि दरीच्या पलीकडच्या उतारावर, जिथे वाटच नाही, एक लाल टिंब.

भिंगाचं बटण दाबून मी ते मोठं केलं. आणखी मोठं. मीरान होती. तिचा उजवा हात माझ्या दिशेने लांब केलेला होता, मी धरला होता तसा. आणि डावा हातही तसाच लांब केलेला होता, दुसऱ्या बाजूला, कोपर सैल, मूठ मिटलेली, जसा धरलेला हात असतो. त्या हाताच्या पुढे काय होतं ते फोटोत नव्हतं. चौकट मनगटाला लागून संपत होती.

मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवून दुसरा फोटो काढू शकले असते. काढला नाही. खिशात ठेवला, आणि बसपर्यंत परत बाहेर काढला नाही.

६

डॉक्टरांनी कान तपासले, डोकं तपासलं, मोठ्या यंत्रात घालून फोटो घेतले. कशात काही नाही. गिल्होला म्हणाले, मनाला धक्का बसला असेल, वेळ द्या. मीरान जेवायची, अंघोळ करायची, दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायची. नुसती बोलायची नाही असं सगळ्यांना वाटायचं. बोलायची. पण तोपर्यंत विचारणारा उठून गेलेला असायचा.

पहिल्या आठवड्यात उत्तर यायला एक जेवण लागायचं. मुलीने सकाळी विचारलं, 'आई, खीर देऊ?' तर दुपारी भांडी घासताना मागून आवाज यायचा, 'थोडीशीच दे.' फेब्रुवारीत एक दिवस लागायला लागला, मग तीन. मुलीने निकालाच्या दिवशी येऊन सांगितलं, 'आई, मला प्रवेश मिळाला.' चार दिवसांनी, घरातलं कोणी नसताना, मीरान खिडकीपाशी टाळ्या वाजवून ओरडली. मी तेवढी होते. मुलीला मी फोन करून सांगितलं.

गिल्हो मला एकदा जिन्यात गाठून म्हणाला, "वर काय झालं ते खरं सांग."

"सांगितलं ना. घसरली. मी पकडलं."

"सुनोक, मी तुला बहीण मानतो. ती जायला नको म्हणत होती. तू नेलीस."

"हो."

"मग सांग."

मी त्याला कॅमेरा दाखवला. त्याने पडदा डोळ्यांशी नेला, सगळे फोटो बघितले, शेवटचा बराच वेळ बघितला. "हे कुठे आहे? यात तुझा हात आहे नुसता. हा लाल दगड आहे का?" त्याने कॅमेरा माझ्या हातात ठेवला, रागाने नाही, आणि वर निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना मला वाटलं, एखाद्याच्या घरातली भिंत मी पाडली आणि आता वीट कुठे ठेवू म्हणून विचारतेय.

एप्रिलमध्ये मंडळ नेपाळला गेलं. आमच्या जागी दुसरे दोघे गेले. नदीकाठच्या चेरीला बहर आला, दुकानात लग्नाच्या कपड्यांची गर्दी झाली. मी शनिवारी दुकान बंद ठेवून मीरानकडे जायचे. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे, तिचा उजवा हात हातात घ्यायचे आणि काहीबाही सांगायचे. उत्तराची वाट न बघता बोलायला मी शिकले होते. कॅलेंडरवर मात्र खुणा करायचे, काय कधी विचारलं आणि कधी परत आलं. तेव्हा सतरा-अठरा दिवस लागत होते.

एका शनिवारी असंच बसलेले असताना मीरान हसली. मी काही सांगितलं नव्हतं. मग ती काहीतरी म्हणाली, फार हळू. 'नाही गं.' थोडं थांबून, 'तसं काही नाही.' मग पुन्हा हसली. मी मागच्या महिन्यातलं काय काय विचारलं होतं ते आठवायला लागले, पण ते बोलणं कशालाच जुळेना. ती बोलायची, जरा थांबायची, परत बोलायची. समोरचं माणूस बोलून होईपर्यंत आपण थांबतो, तेवढंच. मध्ये पोकळी नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती कोणाला तरी लगेच उत्तर देत होती.

मी तिचा हात घट्ट धरला. "मीरान, कोणाशी बोलतेस?"

ती डावीकडे बघत होती. तिकडे खिडकीची चौकट होती आणि पडदा.

कॅलेंडरवर मी त्या दिवशी खूण केली. मग रोज जायला लागले. दुकान दुपारी बंद करायचे आणि जायचे. दहाव्या दिवशी, बाराव्या दिवशी. माझ्या हातातला तिचा हात उबदार असायचा, पण मी दाबला की नुसता पडून राहायचा. पंधराव्या दिवशी ती खूप बोलली, कोणाच्या तरी थट्टेला हसत, 'पुरे गं, पोट दुखतंय' म्हणत. गिल्हो दारात उभा राहून ऐकत होता. "सुधारतेय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी 'हो' म्हणाले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मीरानने चेहरा माझ्याकडे वळवलाच नाही. डावीकडेच बघत, लाडात रागावल्यासारखी म्हणाली,

"कोणाशी म्हणजे? तुझ्याशीच बोलतेय ना, सुनोक! सकाळपासून हात धरून चाललोय आपण, आणि विचारतेस कोणाशी! तूच म्हणालीस ना, आता थोडंच राहिलंय म्हणून?"

मी स्टुलावरून उठले तेव्हा ते मागे पडलं. मी तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि जेवढा आवाज माझ्या अंगात होता तेवढ्याने ओरडले. "ती मी नाही! मीरान, ऐक, ती मी नाही! तिचा हात सोड!" गिल्हो धावत आला, माझे दंड धरून मला मागे ओढायला लागला. मी ओरडतच राहिले. डोक्यात हिशेब चालूच होता. निम्मे दिवस जायचे, निम्मे यायचे. आज निघालेला माझा आवाज तिला दहाव्या दिवशी ऐकू येईल. ती रोज पुढे चालली आहे, म्हणजे अकराव्या. बाराव्या.

मीरानने डावीकडे मान जरा वर केली, जसं उंच जागी उभं असलेलं कोणी बोलतंय. तिने ऐकून घेतलं, हसली, आणि एका श्वासाचाही वेळ न घेता म्हणाली,

"हो गं, येतेय."